मूल सांभाळण्याचे काम मुदतीपूर्वी थांबविताना

पुणे शहरात मूल सांभाळण्यासाठी बाई ठेवताना पगार, वेळ आणि सुट्टी एवढेच बहुधा ठरते. काम मध्येच थांबल्यास काय करावयाचे, हे कोणी विचारीत नाही. पुढे गावाहून आजी येते किंवा बाईंच्या लेकीचे बाळंतपण निघते, आणि वादास प्रारंभ होतो.

याच शहरात १९८० साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला व त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अस्तित्वात आला. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. तथापि हा कायदा कल्याणाचा आहे. काम सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची असावी, हे तो सांगत नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही घरगुती सेवा ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळलेली आहे.

राहतो तो उभयतांमधील करार. तोंडी करारही भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये करारच होय, व तो मोडल्यास कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. मात्र बाईंनी कामावर आलेच पाहिजे, किंवा कुटुंबाने त्यांना ठेवलेच पाहिजे, अशी सक्ती न्यायालय सहसा करीत नाही. आणि एका महिन्याच्या पगारासाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? म्हणूनच साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या करणे हिताचे.

समजा, पगार ९,००० रुपये आहे आणि एक महिन्याची पूर्वसूचना ठरली आहे. ३० दिवसांच्या महिन्यात कुटुंबाने १२ तारखेस, सूचना न देता, काम थांबविले. तर १२ दिवसांचे ३,६०० आणि सूचनेऐवजी ९,००० मिळून १२,६०० रुपये होतात. २,००० रुपये उचल असल्यास ती वजा जाता १०,६०० रुपये द्यावयाचे. बाईंनी स्वतः काम सोडल्यास उचल परत मागता येईल. परंतु ती फिटेपर्यंत त्यांना अडकवून ठेवणे वेठबिगारी पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खाली गुन्हा ठरू शकते.

लैंगिक छळ झाल्यास मात्र पूर्वसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१३ च्या अधिनियमात घरकामगार स्त्रियांचा समावेश असून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावयाची असते.

हिशेब मिटला तरी मुलाचा लळा एका दिवसात तुटत नाही. पूर्वसूचनेच्या काळात नव्या बाईंना अथवा आजींना चार-आठ दिवस जुन्या बाईंसोबत राहू द्यावे. मुलाच्या झोपेच्या व खाण्याच्या सवयी त्यांनाच ठाऊक असतात.