नळदुर्गचा कडा आणि आटलेली बोअर

पावसाळ्यात बोरी नदी भरली, की सोलापूरकर ४५ किलोमीटरवरच्या नळदुर्गला निघतात. पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, फोटो, गरम भजी आणि परत. सोबतचा मार्गदर्शक जाणकार असेल, तर इतिहासाबरोबर तिथला खडकही दाखवतो. सोलापूर परिसरातल्या बोअर उन्हाळ्यात का आटतात, याचे उत्तर त्या काळ्या कड्यात आहे.

हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचून झालेला. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरतच नाही. ते साठते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. लंडनहून लोक अशाच एका दिवसात डोव्हरचे पांढरे कडे पाहून येतात. तो खडूचा दगड त्याहूनही जुना, समुद्रतळावर सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचे साचून बनलेला. (शाळेतला खडू आता बहुधा जिप्समचा असतो, ते वेगळे.) बारीक छिद्रे आणि भेगांमुळे तो पाणी धरतो, दक्षिण इंग्लंडच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा त्यातूनच येतो.

आपल्याकडे एका बोअरला पाणी लागते, शेजारची कोरडी जाते. भेग सापडली की नाही, एवढाच फरक. शिवाय खोलवर भेगा सहसा कमी होत जातात, तरी आपण खोलच जात राहतो.

धबधब्याजवळचा शेवाळलेला दगड निसरडा असतो, तेव्हा कडा लांबूनच न्याहाळावा. पाऊस उघडल्यावर ओल कोणत्या रेषेवर टिकते, ते मुलांना शोधायला सांगावे.