डीव्हीआरचं घड्याळ आधी लावा
जळगावचा सराफ बाजार असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुकानावर कॅमेरा असतोच. त्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या सेटिंगकडे मात्र क्वचितच कोणी बघतं. आधी घड्याळ लावा. टाइम झोन जीएमटी +५:३० हवा. तो चीनच्या +८ वर राहिला, तर वेळ अडीच तास पुढे दिसते आणि चोरीचं फुटेज शोधताना पोलिसांचाही घोळ होतो. एनटीपी चालू केलं की घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं. डीव्हीआरला कायमचा आयपी पत्ता द्या. नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो आणि संगणकावरचं चित्र बंद पडतं. पासवर्ड डीव्हीआर बसवला त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड वापरूनच जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून काही घडलं तर त्या वेळचं चित्रण लगेच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.