शिवी, निषेध आणि दुसऱ्या दिवशीची माफी
(लेखमाला : अमेरिकेतलं कॉलेजचं मैदान, भाग ६)

ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात ऑटझन स्टेडियम आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे ओरेगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने चालवलेल्या बीवाययूशी, खेळत होता. त्याच उन्हाळ्यात ओरेगनचा स्पेन्सर वेब हा तरुण खेळाडू अपघातात गेला होता. पाहुण्या संघाने सामन्याआधी त्याच्या स्मरणार्थ झेंडा मैदानात आणला. प्रतिस्पर्ध्याचं दुःख ओळखून इतकी आठवण ठेवणारे संघ फार नसतात. पुढे सामना रंगात आला आणि विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून एका तालात घोषणा सुरू झाली. ‘मॉर्मन’ या शब्दाआधी इंग्रजीतली सगळ्यात ओळखीची शिवी, पुन्हा पुन्हा.

ओरेगनने सामना ४१-२० असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने माफी मागितली. गव्हर्नर केट ब्राउन यांनीही निषेध केला. पण हीच घोषणा त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूएससीच्या, विद्यार्थ्यांनी दिली होती. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये प्रॉव्हिडन्स कॉलेजमध्ये, फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोलोरॅडोत ती ऐकू आली. माफीनाम्याचा मजकूरही जवळपास ठरल्यासारखाच: हे आमच्या मूल्यांना धरून नाही. प्रॉव्हिडन्स हे तर कॅथलिक कॉलेज. कॅथलिकांनाही अमेरिकेत एके काळी परके म्हणून हिणवलं जात होतं, म्हणून तिथली घोषणा मला जास्त खुपते.

‘पोरंच ती, चालायचंच’ असं म्हणणाऱ्यांनी मॉर्मनांचा इतिहास थोडा आठवावा. १८३८ मध्ये मिसुरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला होता की मॉर्मनांना राज्यातून हुसकावून लावा, नाहीतर नष्ट करा. तो हुकूम औपचारिकपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडलं. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने ठार केलं. त्यानंतर ही माणसं पश्चिमेकडे निघाली आणि १८४७ मध्ये युटाच्या वाळवंटी खोऱ्यात जाऊन राहिली. जमावाने एका सुरात आपल्या धर्माचं नाव घेतलं की या माणसांना काय आठवत असेल, हे वेगळं सांगायला नको. शिवाय २०२४ मध्ये बीवाययूचा मुख्य क्वार्टरबॅक ज्यू होता. म्हणजे त्या जर्सीतला प्रत्येक जण मॉर्मन असतो हेही खरं नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. मॉर्मन चर्चच्या भूमिकांवर टीका करायचीच नाही का? जरूर करावी, आणि मैदानावरच ती कशी करता येते याचं उदाहरण अमेरिकेनेच घालून दिलं आहे.

ऑक्टोबर १९६९. बीवाययूविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी वायोमिंग विद्यापीठाचे १४ कृष्णवर्णीय खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून प्रशिक्षक लॉइड ईटन यांना भेटायला गेले. त्या काळी मॉर्मन चर्च कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य देत नसे. त्याचा निषेध म्हणून सामन्यात फिती लावता येतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ईटन यांनी त्यांचं म्हणणं ऐकून न घेता चौदाही जणांना संघातून काढून टाकलं. या मुलांनी कुणाला शिवी दिली नव्हती. त्यांचा रोख एका नियमावर होता, तो पाळणाऱ्या माणसांच्या असण्यावर नव्हता. चर्चने तो नियम १९७८ मध्ये बदलला. वायोमिंग विद्यापीठाने या खेळाडूंची माफी मागितली ती २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी. आणि २०२० पासून त्यांच्यातले काही जण गरजूंना अन्न पोचवण्याचं काम करताहेत, तेही त्याच मॉर्मन चर्चच्या सोबतीने.

ज्यांनी सभ्यपणे विचारलं त्यांचं शिक्षण आणि खेळ दोन्ही विस्कटलं, आणि ज्यांनी हजारोंच्या गर्दीत शिवी दिली त्यांना कुणी नावानेही ओळखत नाही. या तफावतीचा मला राग येतो.

मग विद्यापीठं कारवाई का करत नाहीत? इथे कायदा आड येतो. ओरेगन, ॲरिझोना, कोलोरॅडो ही सरकारी विद्यापीठं आहेत, त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्यांना बांधून ठेवते. १९७१ च्या ‘कोहेन विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात हीच शिवी जाकिटावर लिहून न्यायालयाच्या आवारात फिरणाऱ्या तरुणाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. निव्वळ शब्दांसाठी विद्यार्थ्याला शिक्षा करायची तर सरकारी विद्यापीठाला ती न्यायालयात टिकवणं अवघड जातं. यूएससी आणि प्रॉव्हिडन्स खासगी आहेत, त्यांचे हात तसे बांधलेले नाहीत.

कोलोरॅडोच्या वेळी वेगळी वाट निघाली. ‘बिग १२’ ही ज्या विद्यापीठांची क्रीडासंघटना आहे, त्यांत कोलोरॅडो आणि बीवाययू दोन्ही येतात. तिने कोलोरॅडोला ५०,००० डॉलरचा दंड केला. संघटना सरकारी नाही आणि सदस्य विद्यापीठांनी तिचे नियम मान्य केलेले असतात, म्हणून हे शक्य झालं. पाऊल योग्यच होतं. पण दंड भरतं विद्यापीठ, घोषणा देणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

माझ्या मते खरा उपाय घोषणा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात आहे. प्रत्येक कॉलेज-स्टेडियममध्ये निवेदक असतो, भोंगे असतात, विद्यार्थ्यांच्या स्टँडशेजारीच शेकडो वाद्यांचा बँड बसलेला असतो. बँडने तिथल्या तिथे विद्यापीठाचं गाणं वाजवायला घेतलं, प्रशिक्षकाने स्वतः माइक हातात घेऊन ‘हे बंद करा’ म्हटलं, तर घटनेचं कुठलंच कलम आड येत नाही. विद्यार्थी प्रशिक्षकाचं ऐकतात, कुलगुरूंचं पत्रक वाचत नाहीत.

पुढच्या भागात याच विद्यापीठाचा रविवार. बीवाययूचे संघ रविवारी खेळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचं वेळापत्रक कसं जुळवून घेतलं जातं, ते पाहू.