कसाय पिक्चर?

शुक्रवारी पहिला शो सुटला की थिएटरच्या फाटकात दोन घोळके समोरासमोर येतात. एक बाहेर पडणारा, दुसरा आत शिरायला ताटकळलेला. आत जाणाऱ्यांनी तिकीट काढलेलं असतं, म्हणजे पैसे गेलेलेच. तरी बाहेर येणाऱ्या अनोळखी माणसाला विचारल्यावाचून त्यांना राहवत नाही. "कसाय हो?" विचारलेला माणूस थांबत नाही. चालता चालता अंगठा वर करतो, नाहीतर पंजा आडवा धरून हलवतो, नाहीतर "सेकंड हाफ बगा" एवढंच म्हणून खिशातून गाडीची किल्ली काढतो.

नांदेड आणि लातूरच्या अशा फाटकांत, पार्किंगमध्ये आणि समोरच्या टपऱ्यांवर मी पुष्कळ वेळ काढला आहे. सिनेमा बघायला जातोच, पण त्याच्यावरचं बोलणं ऐकायलाही तितक्याच ओढीनं थांबतो. सिनेमाविषयीचं मत कसं तयार होतं, कुणापर्यंत पोचतं आणि पोचेपर्यंत त्यात काय काय बदलतं, हे जवळून बघण्यासारखं आहे.

मत धरायला लागतं ते मध्यंतरात. दिवे लागले की पहिली दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. सगळे एकमेकांच्या चेहऱ्याचा अंदाज घेतात. मग सोबतच्यांतला एकजण, जो नेहमी आधी बोलतो तोच, एखादं वाक्य टाकतो. "थोडा स्लो वाटूलालाय." बाकीच्यांना आपापलं मत त्या वाक्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध मांडावं लागतं. पॉपकॉर्नच्या रांगेत माणसं गोष्टीबद्दल बोलत नाहीत. हिरो म्हातारा दिसतो, गाणं मोबाइलवर बरं वाटलं होतं, एसी लावलाय का नाही, असलं बोलतात. खरं मत मध्यंतरात कुणी देत नाही. ते राखून ठेवायची इथली रीत आहे, आणि ती मला पटते.

शो सुटल्यावर गर्दी टपरीवर सरकते. तिथं पहिला निकाल लागतो तो पैशांचा. वसूल झाले की नाही, हे एका शब्दात सांगून टाकतात. मग भांडण सुरू होतं. शेवट पटला का, बाप इतका कठोर दाखवायची गरज होती का, मारामारी किती लांबवली. दुसऱ्या कटिंगपर्यंत आवाज चढतात. आणि अशात एखाद्याचा फोन वाजतो.

लातूरच्या एका पार्किंगमध्ये ऐकलेला फोन सांगतो. हेल्मेट काखेत धरून उभा असलेला तिशीतला माणूस, पलीकडे बहुधा अहमदपूरची बहीण. तिनं पिक्चर कसा आहे ते विचारलं असणार. यानं उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "कोन कोन येनारै?" तिनं नावं सांगितली. हा जरा थांबला. "आत्या येनार असतील तर नको. दोन ठिकानी मान खाली घालावी लागंल. तुमी दोघं अन् लेकरं असाल तर या. पन लेकरू ल्हान हाय, शेवटाला भिईल. दाजी एकटे येत असतील तर डोळे झाकून या मनावं." एकाच सिनेमाला त्यानं मिनिटभरात तीन वेगळी मतं दिली, आणि तिन्ही प्रामाणिक होती.

मला या सगळ्यात जे मोलाचं वाटतं ते हेच. इकडचा माणूस सिनेमाचं मोजमाप करतो ते विचारणाऱ्याकडे बघून. तालुक्याहून चारजण येणार म्हणजे तिकिटं, पेट्रोल किंवा एसटीचं भाडं, लेकरांचं खाणं आणि रात्रीची शेवटची गाडी चुकायची धास्ती. एवढा खर्च दुसरा माणूस आपल्या शब्दावर करणार आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तो सांगण्याआधी विचारतो.

याउलट, कोण विचारतंय ते न बघता सिनेमाला तारे देण्याची पद्धत आली ती वर्तमानपत्रातून. 1928 साली न्यू यॉर्कच्या डेली न्यूजमध्ये आयरिन थायरर या समीक्षिकेनं चित्रपटांना तीनपैकी तारे द्यायला सुरुवात केली. पुढं 1979 पासून सिनेमास्कोर ही अमेरिकी कंपनी पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांच्या हातात थिएटरातच कार्ड देऊन ए प्लसपासून एफपर्यंतची श्रेणी गोळा करू लागली. आता तिकीट काढायच्या ॲपवरच दहापैकी किती ते दिसतं. हे आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण आत्या सोबत असतील तर काय, याचं उत्तर दहापैकी आठ या आकड्यात बसत नाही.

आकड्यांवर सगळ्यात जास्त प्रेम आहे ते लातूरच्या शिकवणीला आलेल्या पोरांचं. लातूर पॅटर्नच्या नावानं ही मुलं आजूबाजूच्या कितीतरी जिल्ह्यांतून इथं येऊन राहतात. रविवारची टेस्ट झाली की दुपार तेवढी मोकळी. त्यात तीन तास सिनेमाला द्यायचे म्हणजे मोठा निर्णय. म्हणून एका खोलीतला एकजण आधी जातो आणि रात्री मेसमध्ये बाकीच्यांना अहवाल देतो. नीटच्या तयारीतल्या एका टोळक्याचा हिशोब मी ऐकला. त्यांचा सिनेमा 720 पैकी असतो. परीक्षेसारखंच चूक उत्तराला वजा एक. विनाकारण आलेलं गाणं, वजा. हिरोनं एका ठोशात दहाजण उडवले, वजा. "साडेपाचशेच्या खाली असंल तर मी जात नसतो," असं एकजण अगदी गंभीरपणे म्हणाला. पण त्यातल्याच एकानं साडेचारशे मिळालेला सिनेमा दोनदा बघितला होता. का, तर त्यातली आई डबा भरते तो सीन. बाकीच्यांनी त्याला चिडवलं नाही. घरापासून लांब राहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांना ते कारण लगेच समजलं.

नांदेडची तऱ्हा वेगळी आहे, आणि ती नकाशात दिसते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागांना तेलंगणाची हद्द लागून आहे. 1948 पर्यंत सगळा मराठवाडाच हैदराबाद संस्थानात होता. मराठी, उर्दू, हिंदी कानावरून जातच असते आणि सीमेकडच्या घरांत तेलुगूही. त्यामुळं 'पुष्पा' जेव्हा डिसेंबर 2021 मध्ये आला तेव्हा बाकी महाराष्ट्रानं श्रेयस तळपदेच्या आवाजातला हिंदी पुष्पा डोक्यावर घेतला, पण धर्माबादकडचे लोक मूळ तेलुगू आणि हिंदी यांची ओळीला ओळ लावून तुलना करत होते. कुठला शिवीगाळीचा संवाद हिंदीत मवाळ झाला, कुठली गंमत गळाली, हे ते सांगतात. समीक्षेचं शिक्षण न घेतलेली ही माणसं भाषांतराबद्दल जे बोलतात ते कुठल्याही मासिकात शोभेल.

या दोन जिल्ह्यांचा फरक मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो 'वेड'च्या वेळी. 30 डिसेंबर 2022 ला तो लागला. रितेश देशमुखनं दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, जिनिलियाची पहिली मराठी भूमिका, अजय-अतुलचं संगीत. लातूरला रितेश म्हणजे बाभळगावच्या विलासरावांचा मुलगा, घरातला भैय्या. तिथं सिनेमा आवडला का, हा प्रश्न कुणी नीट विचारतही नव्हतं. आपल्या माणसाचं कौतुक आधी, सिनेमा नंतर. नांदेडच्या तेलंगणाकडच्या बाजूला मात्र 'वेड' हा 2019 च्या 'मजिली' या तेलुगू सिनेमावरून केलेला आहे हे कित्येकांना माहीत होतं, आणि नागा चैतन्य आणि समंथाचा तो सिनेमा त्यांनी बघितलेला होता. "आपल्याकडं गानी भारी झाली, पन तिकडची ती जास्त गप राहायची," असं तिथल्या एका मेकॅनिकनं जिनिलिया आणि समंथाबद्दल सांगितलं. अभिनयातला इतका बारीक फरक पकडणारं वाक्य मी त्या महिन्यात कुठल्या परीक्षणात वाचलं नाही.

लातुरात कौतुकाच्या त्या लाटेतही एका बाईचं मत वेगळं होतं. नवऱ्यासोबत, सासूसोबत आलेली. सासूबाई डोळे पुसत बाहेर पडल्या. सून म्हणाली, "आई, ती इतकी वर्षं गप कामून बसली? एकदा तरी बोलायचं की." सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. पण रिक्षात बसेपर्यंत ती विचारतच राहिली. 'वेड' खूप चालला, 'सैराट'नंतरच्या सर्वाधिक कमाईच्या मराठी चित्रपटांत त्याची गणना झाली. शिवाय नायक-नायिकेचं एकत्र प्रेमाचं गाणं हवं होतं, अशी मागणी लोकांकडून आल्यावर जानेवारी 2023 मध्ये वाढीव दृश्यं आणि तसं गाणं घालून तो पुन्हा दाखवला गेला. प्रेक्षकांच्या बोलण्यानं पडद्यावरचा सिनेमाच बदलला. त्या सुनेची मागणी मात्र कुठल्या गाण्यात मावणारी नव्हती.

'सैराट'चं नाव निघालंच आहे. एप्रिल 2016. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे यायला लागली होती, टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. त्याच महिन्याच्या 29 तारखेला 'सैराट' आला आणि घागरीची रांग लावून थकलेल्या माणसांनी तिकिटाची रांग लावली. त्या सिनेमाला हाताचा अंगठा कुणी दाखवला नाही. शेवटच्या दृश्यानंतर बाहेर पडणारे बोलतच नसत, आणि विचारणारेही त्यांची तोंडं बघून गप राहत. बोलणं सुरू झालं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि ते सिनेमाबद्दल कमी, जातीबद्दल जास्त होतं. पोरी बिघडतील म्हणणारे होते, हे आमच्या गल्लीत घडलंय म्हणणारेही होते. कित्येकजण दुसऱ्यांदा गेले, या वेळी बापाला घेऊन किंवा मुद्दाम न घेता.

बायकांचं मत आणखी वेगळ्या वाटेनं फिरतं. 1991 च्या 'माहेरची साडी'ची आठवण काढणाऱ्या म्हाताऱ्या अजून भेटतात. गावातून गाडी भरून कशा आल्या होत्या, पदर कसे भिजले, हे त्या काल घडल्यासारखं सांगतात. जून 2023 च्या अखेरीस 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा तीच गर्दी नव्या रूपात दिसली. त्या वर्षीच्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं होतं. भिशीचे गट, बचत गट, मंगळागौरीची मंडळं एकत्र निघत होती. एका भिशी गटासोबत मी परतीच्या बसची वाट बघत थांबलो होतो. सिनेमा चांगला की वाईट यावर त्यांचं एक वाक्यही झालं नाही. सहा बहिणींतली आपण कोण, यावर मात्र पाऊण तास चर्चा चालली. "मी थोरली, सगळ्यांचं ऐकून घेनारी." "तू कुठली थोरली, तू तर ती भांडकुदळ!" एक बाई बराच वेळ शांत होत्या. मग म्हणाल्या, "त्यातली एकबी मी न्हाई. माज्यासारखीवर कवा काडतेत बगू." याहून कडक आणि याहून न्याय्य समीक्षा मला माहीत नाही.

काही सिनेमांना इथं गुण देतच नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' बघून बाहेर आलेल्या पोरांना मी मत विचारलं तेव्हा एकजण रागानंच म्हणाला, "राजाला मार्क देनारे आपन कोन?" त्याचा मित्र मात्र जरा बाजूला येऊन हळूच बोलला, की राजे राजेच, पण संगीत त्याला त्या काळातलं वाटलं नाही. देव आणि देवळाचं बांधकाम वेगळं बघता येतं, तसं हे बोलणं. ते उघड्यावर बोलता यावं असं मला मनापासून वाटतं.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांचा भरताच्या नाट्यशास्त्राचा व्यासंग मोठा होता. त्या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं, याची चर्चा आहे. प्रेक्षक कुठं हलकं हसतो, कुठं खदखदून, कुठं वाहवा म्हणतो, कुठं हळहळतो, अंगावर कधी काटा येतो, जागेवरून कधी उठतो, हे सगळं तिथं नोंदलेलं आहे. सर्वांत वरची सिद्धी कुठली, तर नाट्यगृह भरलेलं आहे आणि तरी आवाज नाही, खळबळ नाही. 'सैराट'चा शेवट बघताना मी नेमकं हेच पाहिलं. त्याच अध्यायात असंही आहे की तरुणाला शृंगार रुचतो, शूराला युद्ध, जाणत्याला तत्त्वाची चर्चा, ज्याला त्याला आपलं. पार्किंगमधला तो भाऊ बहिणीला हेच समजावत होता.

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला खुपते. पोरांच्या तोंडी मतापेक्षा कोटी जास्त असतात. पहिल्या दिवशी किती, शनिवारी किती वाढला. सिनेमा न बघताही हे बोलता येतं, आणि पुष्कळजण न बघताच बोलतात. लहान मराठी सिनेमाचा यात जीव जातो. 2015 साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सांना दुपारी 12 ते रात्री 9 या वेळात मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं, पण वेळ मिळून भागत नाही. मुंबई-पुण्याबाहेर या सिनेमांच्या जाहिरातीला पैसा नसतो, त्यांचा सगळा भार माणसानं माणसाला सांगण्यावर. ते सांगणं शुक्रवारी सुरू झालं तर तालुक्यापर्यंत पोचायला रविवार उजाडतो, आणि सोमवारी रिकाम्या खुर्च्या दिसल्या की शो कमी होतो. लातुरात अभिजात फिल्म सोसायटीसारखी मंडळी सिनेमा दाखवून त्यावर निवांत बोलण्याची सवय लावतात, तिची म्हणूनच फार गरज आहे.

नांदेडला एका थिएटरसमोर चहाची टपरी आहे. मालक साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. दुकान सोडून त्यांना सिनेमा बघायला क्वचितच मिळतं, पण सुटणारा प्रत्येक शो त्यांच्याकडंच रिकामा होतो. चार शोंचं बोलणं त्यांच्या कानात साठलेलं असतं. मध्यंतरी एका लहानशा मराठी सिनेमाच्या वेळी शनिवारी संध्याकाळी एक पोरगा आला, कॉलेजातला, बोटात किल्ली फिरवत. "मामा, ह्यो मराठी कसाय? जाऊ का?"

मामांनी दूध ओतता ओतता त्याच्याकडं बघितलं. "एकटा हाईस?"

"दोस्त हायत."

"मग नको. तुमी पोरं दंगा करताल, बाकीच्याला बी बगू देनार न्हाईत. तुजा बाप शेती करतो ना? त्याला घिऊन ये. अन् सोमवारच्या आत ये बाबा, मंगळवारी राहील का न्हाई सांगता येत न्हाई."