मारहाणीची नोंद : कायदा आणि केसपेपर

‘न्हाणीघरात पाय घसरून पडले’ ही नोंद आमच्या अपघात विभागातील केसपेपरांवर वरचेवर आढळते. पाय घसरल्याने दंडावर बोटांचे वळ उमटत नाहीत, हे ती नोंद लिहिणाऱ्या परिचारिकेस ठाऊक असते. मग रुग्णालय पोलिसांना का कळवीत नाही, असे काही देणगीदारांनी विचारले आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर; तथापि नोंदवह्या अखेर त्याच्याच कपाटात येतात, म्हणून हा खुलासा.

भाजणे, विषबाधा, शस्त्राची जखम अशा प्रकरणी पोलिसांना कळविले जातेच. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने तसे बंधनच आहे. प्रौढ स्त्रीस घरात होणाऱ्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियम आहे. तिने साहाय्य मागितल्यास उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल आधी झालेला नसल्यास तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यावी लागते. परंतु तिने काहीच मागितले नाही तर?

येथे आमच्या सेवकवर्गात एकमत नाही. तरुण डॉक्टरांना सक्ती हवी. ‘तक्रार हिने नव्हे, रुग्णालयाने केली’ असे सांगता आल्यास तिच्यावरील रोष टळेल, असे त्यांना वाटते. ज्येष्ठ परिचारिकांना हे पटत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका रुग्णेविषयी पोलिसांना कळविण्याची चर्चा व्हरांड्यात झाली आणि सासरच्यांच्या कानी गेली. तासाभरात तिला घरी नेण्यात आले. टाके काढण्याची तारीख केसपेपरवर तशीच राहिली. ती चूक आमचीच होती. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत सक्तीने पोलिसांना कळविण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शिकेत केलेली नाही. मात्र तिची इच्छा असल्यास कळविण्याची तयारी दाखवावी, असे म्हटले आहे.

आता नातेवाइकांना बाहेर थांबवून परिचारिका एकटीच बोलते. इजा कशी व कोणी केली, हे रुग्णेच्या शब्दांत लिहिले जाते. पुढे न्यायालयात हाच कागद उपयोगी पडतो. १८१ हा महिला साहाय्य क्रमांक सांगितला जातो. घरी जाणे धोक्याचे वाटल्यास रात्रीपुरते दाखल करून घेतले जाते. त्याचे देयक गरीब रुग्ण निधीतून भागते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राप्रमाणे समुपदेशनाची स्वतंत्र खोली आमच्याकडे अद्याप नाही. तूर्त औषधभांडारालगतची जागा वापरतो. दारास आतून कडी बसविली आहे.