अंतिम सामन्यातला पराभव पचवायचा कसा?



१९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात असेल. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. ओळीने दहा सामने जिंकून भारताचा संघ तिथे पोहोचला होता आणि मैदानात ९० हजारांहून जास्त लोक जमले होते. भारताचा डाव २४० धावांत आटोपला. मग ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा ठोकल्या आणि ऑस्ट्रेलियाने ४३ षटकांत ६ गडी राखून चषक नेला. त्या रात्री अनेक घरांत ताटं वाढली गेली, पण जेवण कुणाला गेलं नाही. सकाळी हॉटेलात चहा पिताना लोक सामन्याविषयी बोलायचंही टाळत होते.

घरातली वडीलधारी मंडळी अशा वेळी म्हणतात, "अरे, खेळच आहे तो. तुमचं काय गेलं?" प्रश्न रास्त आहे. अकरा अनोळखी माणसं दूर कुठेतरी हरली, तर राजेश्वरच्या घरात अन्न गोड का लागू नये? या प्रश्नाचा अभ्यास जगभर झालेला आहे. तो समजून घेतला, तर पुढच्या वेळी स्वतःला आणि घरातल्या मुलांना सावरणं सोपं जाईल, म्हणून हा लेख.

दुःख इतकं का होतं?

पहिलं कारण आपल्या बोलण्यातच सापडतं. संघ जिंकला की "आपण जिंकलो" म्हणायचं आणि हरला की "हे लोक हरले" म्हणायचं. रॉबर्ट सियाल्दिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत, आणि विजयाविषयी बोलताना ते "आम्ही" हा शब्द जास्त वापरत. म्हणजे संघ हा आपल्या ओळखीचा भाग झालेला असतो. नुसती करमणूक म्हणून पाहणाऱ्याला हरल्याचं फारसं काही वाटत नाही. ज्याने नाव जोडलं, त्याच्याच जिव्हारी लागतं.

दुसरं कारण आमच्यासारख्या बँकेत उमेद घालवलेल्या माणसांना कौंटरवरच कळलेलं असतं. खात्यात शंभर रुपये व्याज जमा झालं तर ग्राहक काही बोलत नाही. शंभर रुपये कापले गेले, तर तोच ग्राहक दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन हजर. कानमन आणि ट्वर्स्की या दोन अभ्यासकांनी १९७९ साली हे शास्त्रीय रीतीने मांडलं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त, साधारण दुप्पट वाटतं. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री आपण चषक मनातल्या मनात खात्यावर जमा करून बसलेलो असतो. म्हणून हरल्यावर "मिळालं नाही" असं वाटण्याऐवजी "आपलं होतं ते गेलं" असं वाटतं.

तिसरं कारण म्हणजे हातातोंडाशी आलेला घास. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे अभ्यासकांनी तपासले. त्यांचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला: तिसरा येऊन कांस्यपदक मिळवणारे खेळाडू दुसऱ्या आलेल्या रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त समाधानी दिसत होते. तिसरा म्हणतो, "निदान पदक तरी मिळालं." दुसरा म्हणतो, "जरा कमी पडलो." साखळी सामन्यांतच बाहेर पडलेला संघ आपण दोन दिवसांत विसरतो. अंतिम फेरीत हरलेला मात्र वर्षानुवर्षं आठवतो.

फुटबॉलवेड्या गोव्याचं उदाहरण

क्रिकेटपुरतंच हे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात फुटबॉल घराघरांत आहे. २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. ८७ व्या मिनिटाला गोल करून गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. तीन मिनिटं उरली होती. पण ९० व्या मिनिटाला बरोबरी झाली, वाढीव वेळेत चेन्नईयिनने आणखी एक गोल केला आणि सामना ३-२ असा गेला.

पुढे १७ मार्च २०१९ रोजी गोवा पुन्हा अंतिम फेरीत होता. या वेळी समोर बेंगळुरू एफसी. सामना मुंबईत झाला, जादा वेळेत गेला आणि बेंगळुरूच्या राहुल भेकेने डोक्याने मारलेल्या एकमेव गोलवर संपला. भेके मूळचा मुंबईचा. म्हणजे गोव्याचं स्वप्न मोडलं ते एका मराठी मुलानेच, आणि तोही कर्नाटकच्या संघातून खेळताना! आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाने अशा वेळी रडावं की हसावं?

खरी शिकवण पुढे आहे. या पराभवाला महिनाही झाला नव्हता, तोच १३ एप्रिल २०१९ रोजी भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याने चेन्नईयिनला २-१ ने हरवलं. फातोर्डाला ज्यांनी रडवलं होतं, त्यांनाच. हरल्यावर त्या प्रेक्षकांनी संघ सोडला असता, तर हा दिवस त्यांचा झाला नसता.

खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं?

हरल्यावर मन लगेच दोषी शोधायला लागतं. अमक्याने झेल सोडला, तमक्याने बावळटासारखा फटका मारला. दोषी सापडला की थोडा वेळ बरं वाटतं, पण ज्याच्यावर बोट जातं त्याचं काय होतं, हे ब्राझीलच्या बार्बोसाकडे पाहून कळतं.

१६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा निर्णायक सामना होता. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. पण उरुग्वेने २-१ असा विजय मिळवला आणि ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा याला लोकांनी गुन्हेगार ठरवलं. तो २००० साली वारला. पन्नास वर्षं त्याला तो एक गोल चिकटून राहिला. पराभवाच्या त्या कपड्यांचाही लोकांना इतका राग आला, की संघाने पांढरा गणवेश टाकला आणि आज सगळ्या जगाला ठाऊक असलेला पिवळा सदरा घेतला. १९५८ साली ब्राझील विश्वविजेता झाला. देश सावरला, पण बार्बोसाला काही माफी मिळाली नाही.

म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं आहे: सामना हरल्याच्या रात्री मोबाईलवर खेळाडूला, त्याच्या घरच्यांना किंवा त्याच्या जातीधर्माला शिव्या देणारा मजकूर पुढे पाठवू नये. २०२३ च्या त्याच स्पर्धेत विराट कोहलीने ७६५ धावा केल्या होत्या आणि मोहम्मद शमीने २४ बळी घेतले होते. दोन्हींत सगळ्या संघांमध्ये ते पहिले होते. एका नोंदीवरून सबंध खातं बुडीत ठरवणं हा हिशेब कुठल्याच बँकेत चालत नाही.

एका घरात दोन संघ

आपल्या भागाची गोष्ट आणखी वेगळी. घरात मराठी, शाळेत कन्नड. दवाखान्याला, खरेदीला हैदराबाद जवळ. नोकरीला मुलगा बेंगळुरूत, मुलगी पुण्यात. साहजिकच आयपीएलमध्ये एकाच घरात तीन-तीन संघ असतात.

बेंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्सचंच पाहा. २००९ साली ते अंतिम सामना ६ धावांनी हरले, हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून. २०११ मध्ये चेन्नईकडून ५८ धावांनी. २०१६ मध्ये तर घरच्या मैदानावर ८ धावांनी, पुन्हा हैदराबादच्याच सनरायझर्सकडून. 'ई साला कप नम्दे', म्हणजे यंदा कप आपलाच, ही त्यांची घोषणा दरवर्षी थट्टेचा विषय व्हायची. पण त्यांचे चाहते स्वतःच त्या थट्टेत सामील होत आणि पुढच्या वर्षी तीच घोषणा पुन्हा देत. स्वतःवर हसता येणं हे पराभवावरचं एक जुनं आणि स्वस्त औषध आहे. शेवटी ३ जून २०२५ रोजी, अठराव्या हंगामात, पंजाबला ६ धावांनी हरवून त्यांनी कप घेतला.

घरात दोन संघ असले की थट्टा होणारच, व्हावीही. पण ती भाषेवर किंवा प्रांतावर जाऊ देऊ नये. "तुमचे कन्नडवाले", "तुमचे हैदराबादी" असे शब्द खेळाच्या निमित्ताने मुलांच्या तोंडी बसले, की ते शाळेत आणि शेजारी जातात. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीची रीत चांगली आहे. चीतपट झालेला पैलवान उठतो, जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो, आणि त्याच्या पाठीवरही कुणीतरी थाप मारतंच. दोघंही पुढच्या जत्रेला भेटणार असतात.

ज्येष्ठांनी घ्यायची काळजी

हा भाग आमच्या वयाच्या मंडळींनी नीट वाचावा. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या २.६६ पट होते. ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता, त्यांना धोका जास्त होता. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा सामन्याच्या दिवशी रक्तदाबाची, साखरेची गोळी चुकवू नये. जेवण वेळेवर घ्यावं. छातीत दुखलं, घाम सुटला, तर "सामना संपू दे, मग पाहू" म्हणू नये. शेवटच्या षटकांत उठून ओसरीवर चार पावलं फिरून आलं, तरी निकाल तोच लागणार असतो.

विजयाच्या उन्मादाचीही काळजी हवी. ४ जून २०२५ रोजी, कप जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बेंगळुरूच्या चिन्नस्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण दगावले. आपली मुलं त्या शहरात राहतात. अशा गर्दीत जाऊ नका, हे त्यांना फोन करून सांगण्यात कमीपणा मानू नये.

मुलांना काय सांगावं?

मूल रडत असेल, तर "खेळासाठी काय रडतोस" म्हणून दटावू नये. जीव लावल्याशिवाय रडू येत नाही. थोडा वेळ जवळ बसावं. हाच सामना पुन्हा पुन्हा दाखवणाऱ्या वाहिन्या बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र नक्की पाठवावं.

एक दिलाशाची गोष्टही सांगावी. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या चाहत्यांना सामन्याआधी विचारलं गेलं, निकालाचा परिणाम तुमच्या मनावर किती दिवस राहील? त्यांनी सांगितलं त्यापेक्षा प्रत्यक्षात तो फार लवकर ओसरला. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. परीक्षा, लग्नकार्य, पेरणी, कामाचा दिवस, हे सगळं दुःखाला फार काळ बसू देत नाही.

मोठ्या मुलांना मुलींच्या संघाची हकीकत सांगावी. २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडच्या २२८ धावांचा पाठलाग करताना भारत ३ बाद १९१ वर होता. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या होत्या. तिथून २८ धावांत सात गडी गेले आणि सामना ९ धावांनी हातचा गेला. सांगलीची स्मृती मानधना त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती. संघ परतला, सराव सुरू राहिला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. लॉर्ड्सवर हरलेल्यांपैकी हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्ती शर्मा या संघातही होत्या. प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा करूनही ज्यांना भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. जिंकल्यावर मुलींनी तो चषक निवृत्त झालेल्या मिताली राज आणि झुलन गोस्वामी यांच्या हातात दिला. त्या दोघी २०१७ ला हरल्या होत्या.

मराठीत दारुण पराभवाला आजही "पानिपत झालं" म्हणतात. पण १७६१ च्या पानिपतानंतर दहा वर्षांत, १७७१ साली, महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत होते, हेही मुलांना त्याच दमात सांगावं.

पुढच्या अंतिम सामन्याला शक्यतो एकट्याने बसू नये. शेजाऱ्यांना बोलवावं, आधी जेवून घ्यावं, आणि निकाल काहीही लागला तरी शेवटी सगळ्यांनी मिळून चहा घ्यावा. आपल्या घरी अशा वेळी काय करतात, तेही मंडळाला जरूर कळवावं.