पऱ्हाटीचा धूर आणि कोळशाचा धूर

कापसाची शेवटची वेचणी उरकली की केळापूर तालुक्यात पऱ्हाट्या उपटल्या जातात. काही चुलीला लागतात, उरलेल्या धुऱ्यावर रचून पेटवल्या जातात. तो धूर डोळ्यांना झोंबतो, छातीलाही वाईट. पण त्यातला कार्बन झाडाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. घेतला तेवढाच परत गेला.

याच जिल्ह्यातल्या वणीच्या कोळशाचं गणित निराळं. तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. तेव्हा हवेतून निघून जमिनीत गाडला गेलेला कार्बन वीजनिर्मितीसाठी आपण आज परत हवेत सोडतो, आणि जगभर हेच चाललंय. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. 2024 मध्ये ते 420 च्या वर गेले. हा वायू जमिनीची उष्णता अवकाशात सहज निसटू देत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याला खरी झळ पावसातून बसते. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे ती उघडिपीत काळ्या मातीतली ओल जास्त ओढते आणि बरसली तर एकदम ओतते. पातीफुलांवर आलेल्या कपाशीला दोन्ही मारक: ताण बसला तरी पात्या गळतात, मुळाशी पाणी साचलं तरी गळतात. एकाच खरिपात दोन्ही घडलं तर विमा नेमका कशाचा मागायचा, हा प्रश्न उरतोच.